चौथी वाटी

गेलेल्या माणसांची व्यवस्था आपल्या समाजाने मोठ्या काळजीने लावून ठेवली आहे. माणूस गेले की दहावे, बारावे, तेरावे. मग मासिके, मग वर्षश्राद्ध. आणि पुढे भाद्रपदाच्या वद्य पक्षातली एक तिथी त्याच्या नावावर कायमची लागते. सवाष्ण गेली तर तिच्यासाठी अविधवा नवमी आहे. शस्त्राने मेलेल्यांसाठी चतुर्दशी आहे. ज्याची तिथीच कुणाला ठाऊक नाही, त्यालाही सर्वपित्री अमावास्येच्या पंगतीत जागा आहे. इतका बारीक विचार करणाऱ्या आपल्या पूर्वजांनी एका माणसाला मात्र या सगळ्यातून वगळले. ते माणूस म्हणजे दोन वर्षांच्या आत गेलेले मूल. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात त्याच्याविषयी सांगितले आहे ते एवढेच, की आप्तांनी त्याला गावाबाहेर नेऊन जमिनीत ठेवावे. त्याला अग्नी देऊ नये आणि पाणीही देऊ नये.

या नियमाचा मला एके काळी फार राग येई. आता तितका येत नाही. ज्या काळात पाळणा हलत असतानाच रिकामा होणे ही घरोघरची गोष्ट होती, त्या काळात प्रत्येक तान्ह्याची तिथी पाळायची म्हटले असते, तर कित्येक बायांना वर्षातला एकही सण गोड वाटला नसता. 'विसर' असे स्पष्ट सांगता येत नाही, म्हणून शास्त्राने आठवण ठेवण्याची साधनेच काढून घेतली असतील. हेतू कदाचित दयेचा असेल. परंतु साधने काढून घेतली म्हणून आठवण जात नाही. ती आपली आपण साधने शोधते. माझ्या आईवडिलांनी अशी कोणती साधने शोधली, हे मी लहानपणापासून पाहत आलो. मी काय पाहतो आहे, हे कळायला मात्र मला बरीच वर्षे लागली.

मला एक थोरली बहीण होती. तिचा जन्म १९६२ सालच्या एप्रिलमधला आणि माझा १९६५ चा. म्हणजे ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. आई माझ्याशी बोलताना तिचा उल्लेख 'तुझी ताई' असाच करी. परंतु ही ताई सोळा महिन्यांची झाली आणि तेथेच थांबली. माझी मुंज झाली, मला मिसरूड फुटले, नोकरी लागली, केस पांढरे झाले. ताई आपली सोळा महिन्यांचीच. हे नाते कसे सांभाळायचे, ते कुठल्याही पुस्तकात सांगितलेले नाही. तिचे खरे नाव मी येथे लिहीत नाही. आमच्या घरात ते अडतीस वर्षे कुणी मोठ्याने उच्चारले नव्हते.

अण्णा देवरूखला पोस्टात कारकून होते. १९६३ सालचा श्रावण कोकणातल्या इतर श्रावणांसारखाच होता. म्हणजे घरात वाळत घातलेले कपडे वाळत नव्हते आणि एस. टी. वेळेवर येत नव्हती. ताईला आधी पडसे झाले, मग बारीक ताप आला, मग आवाज बसला. पाऊसपाण्याचे दिवस, असे व्हायचेच, म्हणून पहिला दिवस काढ्यावर गेला. दुसऱ्या दिवशी तिचा श्वास घुरघुरू लागला आणि मानेशी सूज दिसली. गावातल्या डॉक्टरांनी चमच्याने जीभ दाबली, बॅटरीच्या उजेडात घसा पाहिला आणि बॅटरी विझवली. आत टॉन्सिलवर करडा पापुद्रा धरला होता. घटसर्प.

आपल्या लोकांनी या रोगाच्या नावातच साप घालून ठेवला आहे. डिप्थेरिया हे नाव ज्या ग्रीक शब्दावरून आले, त्याचा अर्थ चामडे. घशात जमणारा तो पापुद्रा कमावलेल्या कातड्यासारखा चिवट असतो. ओढून काढू गेले तर रक्त येते. तो वाढत खाली श्वासनलिकेत उतरला की मूल गुदमरते. कोवळ्या मुलांवर या रोगाचा विशेष डोळा. १८७८ साली इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीची चार वर्षांची नात या रोगाने गेली, आणि महिन्याभरात त्या मुलीची आई, म्हणजे राणीची कन्या अ‍ॅलिस, हीही गेली. राजवाडा होता, राजवैद्य होते, पण औषध नव्हते. कारण ते अजून जगात कुठेच नव्हते. पुढे १८८३ - ८४ च्या सुमारास क्लेब्स आणि लॉफ्लर या जर्मन शास्त्रज्ञांनी रोगाचे जंतू ओळखले. १८९० मध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी त्या जंतूंच्या विषावर उतारा काढला. १८९४ पासून पॅरिसमध्ये रू याने घोड्याच्या रक्तापासून केलेले सिरम मुलांना टोचायला सुरुवात केली आणि तिथल्या इस्पितळातले मृत्यू सुमारे निम्म्यावर आले. बेरिंगला १९०१ सालचे वैद्यकाचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले ते याच कामासाठी.

म्हणजे १९६३ साली हे औषध काही नवीन नव्हते. ते सत्तर वर्षांचे जुने होते. राणीच्या नातीच्या वेळी औषध नव्हते. माझ्या ताईच्या वेळी औषध होते, रस्ता नव्हता.

सिरम कोल्हापुरास नक्की मिळेल, असे डॉक्टरांनी सांगितले. अण्णांचे एक नातेवाईकही तेथे होते. कोल्हापूरची वाट साखरप्यावरून आंबा घाटाने जाते. घाटात दरड कोसळली होती. 'उद्या सकाळी रस्ता मोकळा होईल,' असे सांगणारे भेटले. उद्याच्या सकाळी आणखी एका उद्याचे आश्वासन मिळाले. असे दोन दिवस गेले. शेवटी अण्णांनी कुठल्याशा मालट्रकवाल्याच्या हातापाया पडून ताईला आणि आईला रत्नागिरीस नेले. तेथे सिरम होते. आजाराच्या पाचव्या दिवशी ते टोचले गेले.

आणि ताई बरी होऊ लागली.

हे मला मुद्दाम सांगितले पाहिजे, कारण आईच्या आठवणीतला खरा काटा येथे आहे. दोनतीन दिवसांत तो पापुद्रा सुटला, घुरघुर थांबली, ताप उतरला. ताई आईकडे पाहून हसू लागली. खाटेच्या लोखंडी दांडीवर चमचा वाजवायचा खेळ तिला सापडला. थोरला भाऊ त्या वेळी चार वर्षांचा. त्याला मावशीकडे ठेवले होते. त्याच्यासाठी अण्णांनी रत्नागिरीच्या बाजारातून एक लाकडी बैलगाडी घेतली, इतके ते निर्धास्त झाले होते. डॉक्टर तेवढे म्हणत, 'तिला उठवून बसवू नका. निजूनच असू द्या.' पण सोळा महिन्यांचे, चालू लागलेले मूल निजून किती राहणार? बाराव्या दिवशी सकाळी ताईने पेज मागितली. आईने तिला उचलून छातीशी टेकवून बसवले आणि वाटीतून पेज भरवू लागली. तिसऱ्या की चौथ्या चमच्याला तिची मान खाली आली. आईला वाटले, झोप लागली.

ही हकिगत मला कुणी सलग सांगितलेली नाही. ती मला तुकड्यातुकड्यांनी मिळाली; काही आईने तांदूळ निवडताना सांगितली, काही मावशीने. अण्णांनी आयुष्यात एकदाच, एकच गोष्ट सांगितली. ती म्हणजे रत्नागिरीला तिला जमिनीत ठेवतानाची. तिच्या पायांत चांदीचे वाळे होते. बरोबरच्या माणसांनी ते काढून घ्यायला सांगितले. 'एक काढला,' अण्णा म्हणाले, 'दुसरा मला काढवेना.' तो एक वाळा आईच्या पेटीत एका कुंचीत गुंडाळलेला असे. ताईचा फोटो नाही. सोळा महिन्यांत फोटो काढायचा राहून गेला होता.

श्रावणी अमावास्येला आमच्याकडे पिठोरीचे व्रत असे. वाचकांपैकी कित्येकांच्या घरी ते होत असेल. चौसष्ट योगिनींची पूजा करायची, खीरपुरीचे वाण करायचे. पूजेनंतर आई मुलांकडे पाठ करून बसते, वाणाची वाटी खांद्यावरून मागे धरते आणि विचारते, 'अतीत कोण?' मागून मूल म्हणते, 'मी!' आणि वाटी घेते. ज्या बाईची मुले जन्मताच दगावत, तिला या व्रताने ती सगळी परत मिळाली, अशी पिठोरीची कहाणी आहे.

आमच्या घरी आम्ही तीन भावंडे: थोरला भाऊ, मी आणि १९६८ साली जन्मलेली धाकटी बहीण. आई तीनदा 'अतीत कोण' विचारी, आम्ही तिघे पाळीपाळीने 'मी' म्हणत असू. पाटावर आणखी एक वाटी असे. आई ती उचली, तशीच खांद्यावरून मागे धरी. परंतु विचारीत काही नसे. थोड्या वेळाने हात पुढे घेई आणि ती वाटी तुळशीपाशी नेऊन ठेवी. आम्ही तिच्या पाठीमागे उभे असल्यामुळे त्या वेळी तिचा चेहरा कसा असे, हे आम्हा कुणालाही ठाऊक नाही. एका वर्षी धाकटीने लाडात येऊन त्या वाटीलाही 'मी' म्हटले. आईने वाटी तिच्या हातात दिली. रागावली नाही, काही बोललीही नाही. त्या वर्षी तुळशीपाशी तिने नुसते पाणी घातले. पुढच्या वर्षीपासून धाकटीला कुणी न सांगता समजले.

अण्णा या वेळी घरात नसत. ते त्या दिवशी हटकून कामावर उशिरापर्यंत थांबत. आम्हाला वाटे, त्यांना बायकांच्या व्रतांत गोडी नाही. आईलाही बहुधा तसेच वाटत असावे. त्यांचे साधन कोणते, हे आम्हाला ते २००७ साली गेल्यावर कळले. त्यांच्या ट्रंकेत जुन्या पगारपत्रकांच्या तळाशी पोस्टाच्या बचत खात्याचे एक पुस्तक निघाले. ताईच्या जन्मानंतर तिच्या नावाने पाच रुपये भरून त्यांनी ते खाते उघडले होते. नंतर एकही रक्कम भरलेली नाही, एकही काढलेली नाही. परंतु दर वर्षी नियमाने व्याज चढवून घेतलेले होते. १९६२ पासून १९८४ पर्यंत. ८४ साली ते सेवानिवृत्त झाले. खातेदार गेला की खाते बंद करावे लागते, हे पोस्टातल्या कारकुनाला माहीत नसेल? दुसऱ्यांच्या खात्यांत एका पैशाचा फरक निघाला तर रात्री दहापर्यंत बसून तो शोधणारा हा माणूस. त्याने एवढे एक खाते बावीस वर्षे हयात ठेवले. खोटे म्हणावे तर ते जन्मात एवढेच.

नवराबायको एकाच दुःखात शेजारीशेजारी राहूनही किती निरनिराळे राहू शकतात, हे मला या पुस्तकाने दाखवले. परंतु त्याच्याही पूर्वीची एक गोष्ट सांगायची आहे.

आईला जन्मभर एक प्रश्न छळत होता. 'मी तिला उठवून बसवले नसते तर?' ती तो मोठ्याने क्वचितच विचारी. पण कुणाच्याही घरी आजारी मूल उठून बसलेले दिसले की तिचा हात आपोआप पुढे होई आणि ती त्याला आडवे करी. १९८९ साली एका डॉक्टर मित्राच्या घरी मी वैद्यकाचे पुस्तक उघडून घटसर्पाचे प्रकरण वाचले, मित्राला शंका विचारल्या, आणि घरी येऊन आईला समजावून सांगितले. या रोगात घशातले जंतू एक विष तयार करतात. ते रक्तातून हृदयाच्या स्नायूंत जाऊन बसते. घसा मोकळा होतो, मूल हसूखेळू लागते, आणि दुसऱ्या आठवड्यात हृदय एकाएकी थांबते. हे डॉक्टरांना ठाऊक असते, म्हणूनच ते उठू देत नाहीत. पण सिरम टोचण्यापूर्वीच जे विष हृदयात शिरून चिकटले, त्याला सिरम काही करू शकत नाही. रक्तात मोकळे असेल तेवढेच विष ते मारते. ताईच्या हृदयाची हानी त्या चमच्याने झाली नव्हती. ती पाचव्या दिवसाच्या आधीच झालेली होती.

आई ऐकत होती. तिने पदराने चष्मा पुसला. मला वाटले, सव्वीस वर्षांचे ओझे उतरले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे सुई आधी मिळायला हवी होती."

मी हो म्हटले.

"हे अण्णांना सांगू नकोस."

तेव्हा माझ्या ध्यानात आले. ज्या माहितीने आई सुटत होती, तीच माहिती अण्णांना बांधणारी होती. घाट उघडण्याची वाट पाहण्यात गेलेले ते दोन दिवस अण्णांच्या निर्णयाचे होते. आईने 'मी उठवून बसवले' म्हणत राहायचे, म्हणजे 'तुम्ही थांबलात' हा प्रश्न घरात येणार नाही. त्या दिवसानंतरही, अण्णांच्या देखत कधी विषय निघालाच, तर ती पूर्वीसारखेच म्हणे, "माझेच चुकले, मी उचलायला नको होते." आणि अण्णा म्हणत, "तसे काही नाही ग." मी जवळ बसून हे ऐकले आहे. संसार म्हणतात तो यालाच म्हणत असावेत. अण्णांनाही हे सारे आधीपासून ठाऊक होते की काय, हा विचार मला अलीकडे येतो. त्याचे उत्तर आता मिळण्यासारखे नाही.

माझ्या जन्मानंतर अण्णांनी मला घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरची तिहेरी लस टोचण्यासाठी तीनदा रत्नागिरीला नेले. त्या वेळी लहान गावांत ती सहज मिळत नसे. सरकारचा लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम आला तो १९७८ साली, आणि सगळ्या मुलांपर्यंत पोचण्याची सार्वत्रिक योजना १९८५ मध्ये. गावात सुई आली की आई आळीतल्या बाळंतिणींच्या दारात उभी राही. एखादी म्हणे, पोराला रात्री ताप येतो, रडते. आई म्हणे, "रडू दे. रडणारे पोर घरात असते." याहून जास्त ती काही सांगत नसे. आज हीच लस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या बाळाला आणखी दोन रोगांवरच्या लसींबरोबर एकत्र देतात, आणि तिचा बळवणीचा पहिला डोस सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान असतो. मुलांच्या लसीकरणाच्या पत्रकावर तो 'सोळा' आकडा छापलेला पाहिला की माझी नजर तेथे अडते.

रोग गेला आहे असे मात्र कुणी समजू नये. २०१८ साली भारतात घटसर्पाच्या साडेआठ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. जेथे बळवणीचे डोस चुकतात, तेथे तो परत येतो. लस असतानाही मुले जातात. आता त्यांच्या वाटेत दरड असते ती बहुधा घाटातली नसते.

२००१ च्या शिरगणतीला शाळेतले एक तरुण गुरुजी आमच्या घरी आले. अण्णा झोपाळ्यावर होते, आई उंबऱ्याशी बसली होती. नावे, वये, शिक्षण सगळे झाले. मग त्यांनी आईला विचारले, "आजी, मुले किती हयात?" आई म्हणाली, "तीन. दोन मुलगे, एक मुलगी." गुरुजींनी लिहिले आणि पुढचा प्रश्न वाचला, "आतापर्यंत एकंदर झालेली?" कागदावर तसा रकानाच असतो.

आई म्हणाली, "चार. दोन मुलगे, दोन मुली."

झोपाळा थांबला. अण्णांनी विचारले, "नाव लागते का?"

"नाही आजोबा, नाव नको. आकडा पुरे."

तरीही अण्णांनी ते सांगितले. पहिले नाव, मग स्वतःचे, मग आडनाव. पोस्टाच्या खिडकीत सांगतात तसे, एकेक शब्द सुटा. गुरुजींनी ते लिहिले नाही, कारण लिहायला जागा नव्हती. पण त्यांनी लेखणी खाली ठेवून ते ऐकून घेतले. त्या मुलाचे मला अजून भले चिंतावेसे वाटते. आईने अण्णांकडे पाहिले. मला आठवते त्याप्रमाणे त्या दोघांनी या बाबतीत एकमेकांकडे सरळ पाहिलेले मी त्याच दिवशी पाहिले.

आई २०१४ साली गेली. दोघांच्याही तिथ्या आम्ही पाळतो. परंतु मुले किती झाली, हा शिरगणतीतला प्रश्न आईलाच विचारतात. भावंडे किती, असे कुणी विचारीत नाही. सरकारदरबारी ताईला मोजू शकणारी एकच व्यक्ती होती, आणि ती आता नाही. म्हणून हे लिहून ठेवले.

धाकट्या बहिणीला दोन मुले. ती दोघेही नोकरीनिमित्त परगावी असतात. तरी ती पिठोरी करते. परवा फोनवर सहज विचारले, "वाण किती करतेस?" म्हणाली, "तीन वाट्या."